डोंगराचा उन्हाळा

दरवर्षी मे महिन्याच्या अखेरीस बदरीनाथाहून परत आलेली मंडळी प्रसाद घेऊन घरी येतात, आणि त्यांच्यातले कोणी ना कोणी मला हमखास ऐकवते, "अहो, तुम्ही एवढं वर्णन करता, पण तुमची ती फुलांची दरी आम्हाला कुठे दिसलीच नाही!"

श्रोतेहो, ती दिसणार नव्हतीच. बदरीनाथाच्या अलीकडे पंचवीसएक किलोमीटरवर गोविंदघाट नावाचे गाव लागते, तेथून दरीची वाट फुटते, हे खरे. परंतु मे महिन्यात त्या दरीत बर्फ असतो, आणि दरीचे फाटक उघडते ते १ जूनला. आपल्या मुलांच्या शाळा उघडण्याची वेळ झाली म्हणजे तिकडे उन्हाळ्याला नुकता आरंभ होतो. आपला उन्हाळा म्हणजे चैत्र-वैशाख, अंगाची काहिली, माठातले पाणी आणि आंबे. त्या डोंगराचा उन्हाळा आषाढ-श्रावणात येतो, पाऊस अंगावर घेत येतो आणि भाद्रपद सरता सरता निघूनही जातो. जे काही उगवायचे, फुलायचे, बी धरायचे, ते सगळे या तीन-चार महिन्यांत उरकावे लागते. नोव्हेंबरपासून पुन्हा बर्फाचे पांघरूण.

म्हणून तेथील झाडे फार मोठी तयारी करून ठेवतात. पुष्कळांची मुळे, कंद, जमिनीखालची खोडे मागच्या वर्षीच अन्न साठवून बसलेली असतात. बर्फ मागे सरकू लागले की त्याच्या कडेला, अजून चिखल वाळला नाही तोच, प्रिम्युलाची जांभळी फुले डोके वर काढतात. जूनमध्ये गेलात तर ही आणि पांढरी अ‍ॅनिमोन पाहायला मिळतील, आणि वाटेत बर्फाचे पट्टेही ओलांडावे लागतील. जुलैत जिरॅनियम, रक्तासारखी लाल पोटेंटिला आणि निळी पॉपी. ऑगस्टमध्ये सगळे गवत-झुडूप पुरुषभर वाढते आणि दरी गुलाबी-पांढरी होते. सप्टेंबरात पाने तांबडी पडू लागतात. तेव्हा 'फुले केव्हा असतात?' या प्रश्नाला एक उत्तर नाही. 'कोणती फुले?' असे आधी विचारायला हवे. तरी सवड एकदाच मिळणार असेल, तर जुलैचा दुसरा पंधरवडा ते ऑगस्टचा मध्य एवढ्या दिवसांत जा.

पावसात जायचे म्हटल्यावर बरेचजण कचरतात. कचरण्यासारखे आहेही. हृषीकेशहून जोशीमठ अडीचशे किलोमीटर. आता त्याचे सरकारी नाव ज्योतिर्मठ झाले आहे, पण वाहनचालक अजून जोशीमठच म्हणतात. या रस्त्यावर पावसाळ्यात दरड कोसळत नाही असा आठवडा विरळा. दोन दिवस हाताशी जादा ठेवल्याशिवाय निघू नका. परतीचे आगगाडीचे तिकीट घट्ट वेळेचे काढलेला माणूस त्या डोंगरात सगळ्यांत दुःखी असतो. तो फुलांकडे बघत नाही, घड्याळाकडे बघतो.

गोविंदघाटाची उंची सुमारे १८०० मीटर आणि मुक्कामाच्या घांगरियाची साधारण ३०५०. म्हणजे पुणेकरांना सांगायचे तर एकावर एक असे दोन सिंहगड. पहिले चारेक किलोमीटर, पुलना गावापर्यंत, आता जीपगाडी जाते. तेवढीच बचत. पुढे नऊ-दहा किलोमीटर पायी, नाहीतर खेचरावर. लक्ष्मणगंगा सोबतीला असते आणि तिचा आवाज इतका की दोघांनी बोलायचे म्हणजे ओरडावे लागते. जून २०१३ च्या महापुरात याच नदीने भ्यूंडार गाव उद्ध्वस्त केले, पूल नेले, वाटेचे मोठमोठे तुकडे नेले. आज ज्या वाटेने तुम्ही चालाल तिचा बराच भाग त्यानंतर नव्याने बांधलेला आहे. नदीच्या पात्रात घराएवढे दगड पडलेले दिसतात. ते पाहून मग त्या आवाजाकडे निराळ्या कानांनी लक्ष जाते.

घांगरियात सारा हंगामी संसार. हॉटेले, गुरुद्वारा, खेचरांची लीद, ओले कपडे आणि कढत चहा. रात्री थंडी वाजते, कोणाचे डोके दुखते. आपल्याकडील लोक कापराच्या वड्या हुंगतात. माझा भरवसा सावकाश चढण्यावर आणि पाणी पिण्यावर अधिक. गावापासून थोडे पुढे वाट दुभंगते. उजवीकडची हेमकुंडाला जाते. तिकडे शेकडो यात्रेकरू. डावीकडची फुलांच्या दरीला. तिकडे त्या मानाने शुकशुकाट. फाटकावर परवाना घ्यायचा. सकाळी आत जायचे आणि संध्याकाळच्या आत बाहेर यायचे. दरीत रात्री राहू देत नाहीत, आणि खेचरांनाही मज्जाव आहे. एवढा एक नियम फार शहाणपणाने केलेला आहे.

आता माझी फजिती सांगतो.

मी पहिल्यांदा गेलो तो २००९ च्या ऑगस्टमध्ये. दिनदर्शिकांवर आपण सर्वांनी पाहिलेले असते तसे चित्र डोक्यात होते: डोंगरापासून डोंगरापर्यंत फुलांचा गालिचा. पुष्पावतीचा पूल ओलांडला, भूर्जांच्या झाडीतला खडा चढ धापा टाकीत चढलो, दरी उघडली, आणि पाहतो तो सगळीकडे हिरवे! उंच उंच हिरवे. धुके. त्यात मधून मधून गुलाबी. मी झपाझप पुढे गेलो, गालिचा पुढे असेल म्हणून. आणखी पुढे गेलो. दुपारी नदीच्या वाळवंटापाशी बसून डबा खाल्ला आणि तसाच परत आलो. रात्री वहीत लिहिले, 'फुले अपेक्षेपेक्षा कमी'. ते पान अजून माझ्याजवळ आहे. फाडून टाकावेसे वाटते, पण फाडलेले नाही.

दुसऱ्यांदा गेलो तो २०१८ मध्ये, आणि माझ्या मनाने नव्हे. माझी थोरली बहीण, आमची ताई, तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती. शाळेत चाळीस वर्षे शिकवलेली बाई, गुडघे गेलेले, पण हट्ट कायम. म्हणाली, "तू एकटा जाऊन 'फुलं कमी' म्हणून लिहून आलास. मला नेऊन दाखव, मग मी ठरवीन."

घांगरियापर्यंत ती खेचरावर आली. दरीत खेचर चालत नाही. तेथे कंडी मिळते. कंडी म्हणजे पाठीला बांधायची मोठी टोपली. माणूस तीत बसतो आणि हमाल त्याला पाठीवर घेऊन चढतो. हे काम करणारे बहुतेक नेपाळी पोरगे. ताईने कंडी पाहिली मात्र, आणि तिचा चेहरा उतरला.

"अरे, माणसाच्या पाठीवर माणसानं बसायचं? शोभतं का हे? मी नाही बसणार."

मी काही बोललो नाही, कारण मलाही ते शोभेसे वाटत नव्हते. दहा-पंधरा पावले ती काठी टेकीत चालली आणि एका दगडावर बसली. तो पोरगा, असेल बावीस-तेवीस वर्षांचा, शेजारी उकिडवा बसला आणि आपल्या हिंदीत म्हणाला, "माताजी, आज सकाळपासून दोघींनी असंच म्हटलं. सगळ्याच माताजी असं म्हणाल्या तर मी घरी काय नेऊ?"

ताईने थोडा वेळ त्याच्याकडे पाहिले. मग उठली, पदर खोचला आणि कंडीत बसली. ठरल्यापेक्षा जास्त पैसे द्यायचे, असे तिने तेथल्या तेथे मला बजावले. दर अर्ध्या तासाने ती त्याला थांबायला लावी. त्याला दम लागो न लागो.

गंमत अशी की कंडीत बसणारा माणूस पाठमोरा बसतो. चालणाऱ्याचे तोंड पुढे, बसणाऱ्याचे मागे. मी पुढून चाललो होतो, नजर वाटेवर. ओल्या दगडांवरून उतारवयात चालताना दुसरीकडे बघायची सोयच नसते. मोठमोठ्या दगडांचा एक ढिगारा लागला. तो मी वळसा घालून ओलांडला. आणि मागून ताईची हाक आली, "थांब, थांब! अरे, हे निळं काय आहे?"

मागे वळून आलो. दोन दगडांच्या फटीत, मी जेथून हातभर अंतरावरून गेलो होतो तेथे, निळी पॉपी. वितीच्या वर काही थोडे देठ, त्यावर बारीक काटे, आणि चार पाकळ्या. तो निळा रंग सांगता येत नाही. आकाशाचा म्हणावा तर त्या दिवशी आकाश राखाडी होते. पाकळ्या भिजून इतक्या पातळ झाल्या होत्या की पलीकडच्या दगडाचा काळेपणा त्यांतून जाणवत होता. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. ताईने कंडी खाली ठेवायला लावली आणि त्या दगडाशी जाऊन बसली. आम्ही तेथे पाऊण तास होतो. त्या पोराने आणखी तीन झाडे दाखवली. तो रोज तेथून जातो. त्याला जागा ठाऊक होत्या, पण कोणी विचारत नाही म्हणे.

बसल्यावर मग काय काय दिसू लागले! दगडाला चिकटून अँड्रोसेसची उशी, टाचणीच्या डोक्याहून थोडी मोठी गुलाबी फुले. लाल पोटेंटिला, पाने स्ट्रॉबेरीसारखी, खालून रुपेरी. आणि एका फुलावर केसाळ, लठ्ठ भुंगा. थंडीत आपल्याकडची मधमाशी गारठून बसेल, पण याच्या अंगावर लोकरच असते, म्हणून धुक्यातही त्याचे काम चालते. मी नऊ वर्षांपूर्वी ज्याला नुसते 'हिरवे' म्हणून सोडून दिले होते, त्यात हे सारे होते. दरीत पाचशेच्या आसपास जातींच्या वनस्पती आहेत. त्यांतल्या बऱ्याचशा गुडघ्याच्या खाली फुलतात.

काही तर आपल्या घरच्या निघतात. ऑगस्टमध्ये दरी गुलाबी करणारे जे उंच झाड, ते आपल्या श्रावणातल्या तेरड्याचेच भावंड. फक्त माणसाच्या डोक्यावर जाते. त्याची शेंग बोटांत धरा, तेरड्यासारखीच टचकन फुटून बी उडते. ताईने ती फोडून पाहिली आणि लगेच इकडे तिकडे पाहिले, वनरक्षक नाही ना म्हणून. आणि तेथेच कोठेतरी अतिविषही उगवते. ज्यांनी बाळगुटी उगाळली आहे त्या आया-आज्यांना अतिविषाची ती छोटी कांडी माहीत असेल. कुटकीही या उंचीवरची. आमच्या घरच्या लाकडी डबीत इतकी वर्षे जे पडून होते, त्याचे झाड ताईने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, निळसर-हिरव्या, टोपीसारख्या फुलांचे. या मुळांना बाजारात भाव येतो म्हणून हिमालयात ती फार उपटली गेली. राखलेल्या दरीत ती टिकून आहेत.

आता ही दरी कोणी शोधली, असे विचाराल. पुस्तकात असते की १९३१ साली फ्रँक स्माइथ हे ब्रिटिश गिर्यारोहक कामेट शिखर सर करून परत येत असताना, सोबत्यांसह भ्यूंडार खिंड ओलांडून पावसातून खाली उतरले आणि फुलांत सापडले. १९३७ मध्ये ते पुन्हा आले, दरीत राहिले, रोपे व बिया गोळा केल्या, आणि १९३८ मध्ये त्यांचे पुस्तक निघाले. 'फुलांची दरी' हे नाव जगात गेले ते त्या पुस्तकामुळे. शोधली असे मात्र म्हणवत नाही. भ्यूंडारचे लोक तेथे शेळ्यामेंढ्या घेऊन जातच होते. त्यांच्या समजुतीप्रमाणे तेथे आंछरी, म्हणजे पऱ्या राहतात, आणि माणसाला भुलवून नेतात.

स्माइथ यांच्यानंतर दोनच वर्षांनी, १९३९ मध्ये, जोन मार्गारेट लेग नावाच्या बाई इंग्लंडहून वनस्पती गोळा करायला आल्या. वय चौपन्न. ४ जुलैला उतारावर फुले गोळा करताना त्यांचा पाय घसरला. त्या दरीतच त्यांना पुरले. मागाहून त्यांच्या बहिणीने येऊन थडग्यावर दगड बसवला. मुख्य वाटेवरून थोडे बाजूला गेले की तो दिसतो. पहिल्या खेपेस मी त्याचे छायाचित्र घेऊन पुढे गेलो होतो. या खेपेस ताई तेथे उभी राहिली आणि तिने दगडाकडे नव्हे, वरच्या उताराकडे पाहिले. म्हणाली, "एवढासा उतार. आणि बहिणीनं इंग्लंडहून इथवर यायचं!" मग मला म्हणाली, "तू चाल हळू."

१९८२ मध्ये दरी राष्ट्रीय उद्यान झाली आणि चराई बंद पडली. २००५ मध्ये युनेस्कोने तिला नंदादेवी उद्यानाच्या जोडीने जागतिक वारशात घेतले. चराई बंद होणे चांगले झाले की वाईट, यावर अजून वाद आहे. घांगरियातला एक वृद्ध चहावाला मला सांगत होता की त्याचा बाप दरीत मेंढ्या न्यायचा, तेव्हा 'अमेला' एवढा नव्हता. अमेला म्हणजे पांढऱ्या फुलांचे एक उंच, दांडगे झाड. ते एकदा माजले की लहान फुलांना ऊन मिळू देत नाही. त्याचे म्हणणे, मेंढ्या त्याला कोवळेपणीच तुडवीत आणि खात. अभ्यासकांपैकी काहींचे म्हणणे त्याच्यासारखेच आहे. दुसरे काही सांगतात की हे झाड जमीन उकरलेल्या, दरड कोसळलेल्या, जुन्या तळांच्या जागी माजते, आणि त्याचा बाऊ झाला तेवढा खरा नाही. वनखाते माणसे लावून ते उपटवते. मला स्वतःला मेंढ्या परत आणाव्यात असे वाटत नाही. पण ज्यांच्या बापजाद्यांना प्रत्येक ओढ्याचे आणि पाल्याचे नाव ठाऊक होते, त्यांची वाट बंद करताना त्यांना एका शब्दाने तरी विचारले होते का, असे मात्र चहा पिताना मनात येऊन गेले. आज त्याच गावकऱ्यांची समिती वाटेवरचा कचरा उचलते. तुमच्या बिस्किटाचा कागद तुम्ही खिशात घालून आणलात तर त्यांचे एक वाकणे वाचेल.

तिसऱ्या दिवशी आम्ही हेमकुंडाच्या वाटेला लागलो. घांगरियाहून सहा किलोमीटर, पण चढ असा की वाट म्हणजे जिनाच. येथे खेचरे चालतात. चौदा हजार फुटांच्या आसपास सरोवर, त्याच्या काठी गुरुद्वारा आणि लक्ष्मणाचे छोटे देऊळ. गुरुद्वाऱ्यात गरम खिचडी आणि चहा. पण ताई आली होती ब्रह्मकमळासाठी.

आपल्याकडे कुंडीत जे असते आणि रात्री बारा वाजता उमलते म्हणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना बोलावले जाते, ते ब्रह्मकमळ नव्हे. तो मेक्सिकोकडचा निवडुंग. खरे ब्रह्मकमळ सरोवराच्या वरच्या खडकाळ उतारावर उभे होते. फूटभर उंच, आणि कमळाशी त्याचे काही नाते नाही. ते शेवंती-सूर्यफुलाच्या कुळातले. बाहेरून जी फिकट पिवळसर-हिरवी, बटरपेपरसारखी पाने दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, तो तंबू आहे. आत जांभळी, बारकी फुले दाटीवाटीने बसलेली असतात, आणि तंबूमुळे त्यांना ऊब मिळते. वास उग्र. नंदाष्टमीला गढवालात हे फूल देवीला वाहतात. हेमकुंडाच्या वाटेवर ते खुडलेलेही दिसले, यात्रेकरूंच्या पिशव्यांतून डोकावणारे, दोन तासांत मलूल झालेले. एका गृहस्थांना ताईने तोंडावर विचारले, "कशाला तोडलंत?" ते म्हणाले, "देवघरात ठेवणार." ताईने वर्गात विचारावे तसे विचारले, "कुठल्या गावच्या?" त्यांनी राजस्थानातले गाव सांगितले. ताई काही बोलली नाही.

घरी आल्यावर पुढच्या श्रावणात शेजारच्या वहिनींचा रात्री अकराला फोन आला, 'ब्रह्मकमळ उमललंय, या लवकर!' ताई माझ्याकडेच राहायला होती. मी तिच्याकडे पाहिले. मला वाटले आता ही निवडुंगाचे सांगणार. ती उठली, शाल पांघरली, आणि हळद-कुंकवाची कोयरी घेऊन निघाली. जिन्यात म्हणाली, "तू तोंड उघडू नकोस." वहिनींच्या गच्चीवर दहा-बारा माणसे जमली होती. फूल खरोखरच सुंदर होते, पांढरे, घमघमते. ताईने मोडा घेतला, कुंडीशी नेला, आणि खाली बसून बराच वेळ ते बघत राहिली.